वाटाड्या आणि वाटसरू

सन २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही आपल्या भाच्यासह एकाच मोटारसायकलीवरून, आळीपाळीनें ती चालवीत, पुण्याहून मालवणास गेलों. त्या प्रवासांत कोल्हापूर व गगनबावडा यांच्या दरम्यान एका वृद्ध शेतकरणीनें आम्हांस एक प्रश्न विचारला. प्रश्न अवघ्या पांच शब्दांचा होता. पण त्याचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं, आणि पुढें कित्येक महिने तो आमच्या मनांतून गेला नाहीं. प्रस्तुत लेख त्या प्रश्नासाठीं आहे. मात्र तो समजण्यास आमच्या गाडीच्या हँडलवर बसविलेल्या एका यंत्राची हकीकत आधीं सांगितली पाहिजे. ती कांहीं वाचकांस नीरस वाटेल. परंतु ज्यांच्या घरचा मुलगा किंवा मुलगी फटफटीवर लडाख वा कन्याकुमारी गांठण्याच्या गोष्टी बोलूं लागली आहे, अशा आईबापांस ती अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

हें यंत्र म्हणजे जीपीएस. तें घ्यावें कीं नाहीं येथूनच आमच्या घरांत वादास आरंभ झाला. भाच्याचें म्हणणें असें कीं, खिशांतल्या मोबाइलांत सर्व नकाशे आहेत, मग निराळ्या यंत्रावर पैसे कशाला घालावयाचे? म्हणणें खोटें नव्हतें. शहरांत व महामार्गावर मोबाइल पुरतो, हें आम्हांसही मान्य आहे. पण लांबच्या प्रवासांत त्याचे दोष एकामागून एक पुढें येतात. उन्हांत तो तापतो व मग त्याचा पडदा आपोआप मंद होतो. पावसाचा थेंब पडला तरी त्यास बोट लागल्यासारखें वाटतें आणि नकाशा भलतीकडे सरकतो. हातमोजा घातलेलें बोट मात्र तो ओळखीत नाहीं. सन २०२१ च्या सप्टेंबरांत ॲपल कंपनीनें आपल्या ग्राहकांस जाहीरपणें कळविलें होतें कीं, शक्तिमान् मोटारसायकलींच्या इंजिनांचें कंपन हँडलवाटे फोनांत शिरून त्यांतील कॅमेऱ्याच्या यंत्रणेस अपाय करूं शकतें. शिवाय घाटांत जाळें मिळत नाहीं, तेव्हां नकाशा आधींच उतरवून घेतलेला नसेल तर पडद्यावर कोऱ्या पाटीखेरीज कांहीं दिसत नाहीं. पण आमच्या मतें सर्वांत मोठें कारण वेगळेंच आहे. अपघात झाला तर माणसें ज्याच्यावरून बोलवावयाचीं, तो फोन दिवसभर रस्ता दाखवून संध्याकाळीं निःशक्त होऊन पडलेला असूं नये.

म्हणून शेवटीं मोटारसायकलीसाठीं मुद्दाम बनविलेलें यंत्र घेण्याचें ठरलें. गार्मिनचें झूमो, टॉमटॉमचें रायडर अशीं हीं यंत्रें असतात. त्यांचा पडदा भर उन्हांत वाचतां येतो, हातमोज्यासकट तीं चालवितां येतात, पावसांत भिजलीं तरी बिघडत नाहींत, आणि नकाशा त्यांच्या पोटांतच असतो. आणखी एक छोटेखानी जात आहे. तिच्यावर नकाशा नसतोच म्हटलें तरी चालेल. एक बाण व एक आंकडा एवढेंच दिसतें. मुक्काम कोणत्या दिशेस आणि किती दूर आहे तेवढें कळतें, वाट ज्याची त्यानें शोधावयाची. या यंत्राकडे आमचें मन क्षणभर ओढलें गेलें. पण भाचा म्हणाला, "मामा, सह्याद्रीच्या कड्यावर उभे राहून मालवण सरळ समोर आहे हें कळलें, तर त्याचा उपयोग गिधाडाला." तेव्हां तो बेत राहिला. आम्हीं जें यंत्र घेतलें तें कोणत्या कंपनीचें होतें, हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पुढें जें घडलें तें कोणत्याही कंपनीच्या यंत्रानें घडूं शकलें असतें.

बसविण्यास एक दुपार लागली. हँडलवर गोळ्याचा सांधा असलेली पकड लावली, म्हणजे यंत्र हवें तसें वळवितां येतें. जागा अशी पाहिली कीं वेगदर्शक झांकला जाऊं नये आणि नजर रस्त्यावरून फार खालीं न्यावी लागूं नये. विजेची तार बॅटरीस जोडतांना मध्यें फ्यूज घातला. व गाडीची किल्ली बंद केली कीं यंत्राचाही प्रवाह तुटेल अशी योजना केली, नाहींतर रात्रभर तें बॅटरी पीत बसतें आणि सकाळीं गाडी ढकलण्याची पाळी येते. कायद्याकडेही पाहिलें. हातांतलें उपकरण वाहन चालवितांना केवळ मार्गदर्शनापुरतें, आणि चालकाचें चित्त विचलित होणार नाहीं अशा रीतीनेंच वापरावें, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे लागू झाला आहे. यंत्राचा आवाज शिरस्त्राणांत ऐकूं येण्याची सोय होती. ती आम्हीं बंद ठेविली, कारण डोंगर पाहतांना कोणी कानांत बोललेलें आम्हांस खपत नाहीं. जातां जातां एक सूचना: यंत्रांत "घर" म्हणून स्वतःच्या दाराचा ठाव देऊं नये, जवळच्या चौकाचा द्यावा. यंत्र चोरीस गेलें तर चोरास घराचा रस्ता तरी तें दाखविणार नाहीं.

येथवर सर्व हमालीचें काम होतें. खरी गंमत पुढें आली. यंत्र सुरू होतांच तें प्रश्न विचारूं लागलें. वाहन कोणतें? याचें उत्तर सोपें वाटतें, पण त्यांतही मेख आहे. मोटार असें सांगितलें तर तें तुम्हांस सरळ मुंबई–पुणें द्रुतगति महामार्गावर किंवा सन २०२४ मध्यें खुल्या झालेल्या अटल सेतूवर नेऊन उभें करील, आणि दोन्ही ठिकाणीं दुचाकीस मज्जाव आहे. मग पुढचे प्रश्न: सर्वांत लवकर पोहोंचविणारा रस्ता हवा, कीं सर्वांत कमी लांबीचा, कीं वळणावळणाचा? कच्चे रस्ते टाळावे काय? टोल टाळावा काय? महामार्ग टाळावा काय? आम्ही व भाचा एकमेकांकडे पाहूं लागलों. तीस वर्षें आम्ही प्रवास करीत आलों आहों. पण आपणांस प्रवासांत काय हवें असतें, हें आम्हांस कोणीं इतक्या स्पष्टपणें विचारलें नव्हतें, आणि आम्हींही स्वतःस विचारलें नव्हतें. लवकर पोहोंचण्याचीच इच्छा असती तर आगगाडी होती. वळणें हवीं होतीं म्हणावें, तर पाठ दुखते. आपल्या इच्छा आपणांस ठाऊक आहेत असा मनुष्याचा समज असतो; कोणी त्यांची यादी मागितली म्हणजे मात्र तो अडखळतो. आम्हीं अखेर "लवकर" या शब्दावर बोट ठेविलें, तें केवळ तो शब्द सर्वांत वर होता म्हणून.

आतां या यंत्राचें सामर्थ्य कशांत आहे आणि कशांत नाहीं, हें नीट पाहिलें पाहिजे. कारण आमच्या मतें पुढच्या साऱ्या घोटाळ्याचें मूळ येथें आहे. पृथ्वीपासून सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह दिवसांतून दोन फेऱ्या घालीत असतात. त्यांपैकीं पहिला १९७८ सालीं सोडण्यांत आला. संपूर्ण योजना १९९५ सालीं कार्यक्षम झाली. योजना मूळची लष्कराची. सन १९८३ मध्यें वाट चुकून सोव्हिएत हद्दींत शिरलेलें कोरियाचें उतारू विमान पाडण्यांत आल्यावर, ही सोय नागरी वापरासही मिळेल असें अमेरिकेनें जाहीर केलें. तरीही २००० सालापर्यंत नागरिकांस मिळणाऱ्या संकेतांत जाणूनबुजून चूक मिसळलेली असे. (आपल्या देशाची स्वतःची "नाविक" ही योजना याच परावलंबनाच्या जाणिवेंतून निघाली, तिचा पहिला उपग्रह २०१३ सालीं गेला.) प्रत्येक उपग्रह "या क्षणीं मी येथें आहें" एवढेंच सतत सांगत असतो. संकेत येण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र उपग्रहाचें अंतर काढतें, आणि चार उपग्रहांचे संकेत जुळले कीं स्वतःचें स्थान व नेमकी वेळ दोन्ही त्यास कळतात. यासाठीं उपग्रहांवर अणुघड्याळें आहेत. सापेक्षतेच्या सिद्धान्ताप्रमाणें तीं घड्याळें पृथ्वीवरील घड्याळांच्या मानानें दिवसाकाठीं सुमारें अडतीस मायक्रोसेकंद पुढें जातात, म्हणून तेवढी दुरुस्ती करावी लागते. एका मायक्रोसेकंदांत प्रकाश तीनशें मीटर जातो हें लक्षांत घेतलें, म्हणजे हा हिशेब किती नाजूक आहे याची कल्पना येईल. उघड्या आकाशाखालीं इतकें करून पांचसहा मीटरांच्या आंत तुमचें स्थान सांगितलें जातें. मनुष्याच्या बुद्धीचा हा एक मोठाच विजय आहे, आणि त्याबद्दल आम्ही थट्टेनें बोलणार नाहीं.

पण उपग्रह सांगतो तें केवळ एवढेंच कीं तूं येथें आहेस. कोठें जा, कसा जा, हें कोणताही उपग्रह सांगत नाहीं. तें सांगतो यंत्राच्या पोटांतला नकाशा, आणि त्या नकाशावर आम्हीं दिलेल्या उत्तरांप्रमाणें चाललेला हिशेब. नकाशा कोणी तरी केव्हां तरी काढलेला असतो. त्यांतील एखादी रेघ प्रत्यक्ष तेथें जाऊन आंखलेली असेल. एखादी आकाशांतून काढलेल्या छायाचित्रावर फिकट पट्टा दिसला म्हणून दूर खोलींत बसून ओढलेली असेल. पडद्यावर दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. म्हणजे यंत्राच्या बोलण्यांत दोन निराळीं विधानें एकाच आवाजांत मिसळलेलीं असतात: एक स्थानाचें, दुसरें मार्गाचें. पहिलें मोजमाप आहे, दुसरा सल्ला आहे. पहिलें इतकें अचूक असतें कीं त्याची पुण्याई नकळत दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. "मी कोठें आहें हें ज्याला बिनचूक ठाऊक, त्याला मी कोठें जावें हेंही ठाऊक असणारच," असें मन म्हणतें. हा हेत्वाभास आहे. पण तो पडद्यावर इतका शोभिवंत दिसतो कीं भले भले फसतात.

आमच्या नैयायिकांनीं या बाबतींत मोठी सावधगिरी दाखविली होती. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचा उपदेश, असें न्यायसूत्रांत म्हटलें आहे. आणि आप्त कोणास म्हणावें हें सांगतांना भाष्यकार वात्स्यायन दोन गोष्टी मागतो. ज्यानें ती वस्तु साक्षात् जाणली आहे, आणि जशी जाणली तशी ती दुसऱ्यास सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. ऋषि असो, आर्य असो कीं म्लेच्छ असो, हें लक्षण सर्वांस सारखेंच लागू आहे असेंही तो म्हणतो. त्याचें हें औदार्य आम्हांस नेहमीं कौतुकास्पद वाटत आलें आहे. मात्र यंत्रास हें लक्षण लावून पाहिलें तर काय दिसतें? रस्ता त्यानें पाहिलेला नाहीं. सांगण्याची इच्छा त्यास नाहीं, तशीच फसविण्याचीही नाहीं. तेव्हां तें आप्तही नव्हे आणि अनाप्तही नव्हे. तें पोष्टाच्या पेटीसारखें आहे. पेटींत कोणाचें पत्र पडलें आहे हें न पाहतां पेटीच्या रंगावरून पत्रावर विश्वास ठेवणारास आपण काय म्हणूं?

इतका विवेक आम्हांस प्रवासानंतर सुचला, हें कबूल केलें पाहिजे. प्रवासांत काय झालें तें असें. कोल्हापुरास जेवणावर व गप्पांवर आमचे दोन तास अधिक गेले. गगनबावडा तेथून पंचावन्न किलोमीटरांच्या आसपास. अंधारापूर्वीं पोहोंचावें म्हणून आम्हीं यंत्रास "लवकर" ऐवजीं "कमी लांबीचा" असें सांगितलें. कमी लांबीचा तो लवकर संपेल, असा आमचा शाळकरी हिशेब! हरकत अशी कीं कच्चे रस्ते टाळण्याची खूणही त्या भरांत निघून गेली असावी. ती आम्हीं काढली कीं भाच्यानें, यावर आमचें अजून एकमत नाहीं. गाडी त्या वेळीं आम्ही चालवीत होतों. मोठा रस्ता सोडून यंत्रानें आम्हांस उसाच्या मळ्यांतून नेलें. डांबर संपलें, मग खडी संपली, मग दोन घरांच्या मधल्या बोळांतून गाडी एका अंगणांत उतरली. समोर ताडपत्रीवर भात वाळत घातलेलें होतें. थांबतां येईना, कारण मागें उतार आणि गाडीवर ओझें, वळतांही येईना. कडेनें जावें म्हणून आम्हीं हँडल वळविलें, तों पुढचें चाक ताडपत्रीवर चढलें, ती फाटली, आणि भात चाकाबरोबर मातींत ओढला गेला. कोंबड्या ओरडत उधळल्या. घरांतून एक वृद्ध बाई बाहेर आली.

आमच्या तोंडून पहिलें वाक्य निघालें तें क्षमेचें नव्हतें. तें असें होतें: "आजी, या यंत्रानें आम्हांला इकडे आणलें." इतकेंच नव्हे, तर आम्हीं यंत्राकडे बोटही दाखविलें. बाईनें त्याच्याकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि म्हणाली, "यंत्रानं आणलं व्हय? मग गाडी कोन चालवत हुतं?"

आम्ही गाडीवरून उतरलों. अर्धा तास तिघांनीं मिळून भात गोळा केलें. पण मातींत मिसळलेला दाणा वेंचतां येतो, सगळा येत नाहीं. पैसे देऊं केले ते तिनें न मोजतां घेतले. नुकसान झालें होतें, भरपाई तिचीच होती, त्यांत लाजण्यासारखें तिला कांहीं नव्हतें. लाजावयाचें होतें तें आम्हांस. निघतांना ती एवढेंच म्हणाली कीं, गणपतीपासून अंगणांत शिरलेली ही चौथी गाडी.

त्या रात्रीं गगनबावड्यास भाच्यानें आमची बाजू मांडण्याचा प्रयत्न केला. "मामा, नकाशांत तो रस्ता म्हणून दाखविला होता. चूक नकाशा काढणाराची. आपण अनोळखी प्रदेशांत विश्वास ठेवायचा तरी कशावर?" युक्तिवाद लंगडा नव्हता. नकाशा काढणारा, हिशेब रचणारा, तो तपासल्यावांचून विकणारा, या सर्वांच्या माथीं दोषाचा कांहीं भाग येतोच. पण दोष हा वाटून घेतल्यानें कमी होणारा पदार्थ आहे काय? चौघांनीं मिळून एक ओंडका उचलला तर प्रत्येकाच्या खांद्यावर पाव भार येतो. चौघांच्या हयगयीनें अंगण उधळलें तर प्रत्येकाच्या माथीं पाव अंगण येतें, असें आम्हांस वाटत नाहीं. डांबर संपलें तेव्हां आम्हीं पाहिलें होतें. खडी संपली तेव्हांही पाहिलें होतें. बोळांत शिरतांना "हें कोणाचें तरी अंगण असावें" असें मनांत आलेंही होतें. आमच्या डोळ्यांनीं दिलेली साक्ष आम्हीं पडद्यावरच्या जांभळ्या रेघेपुढें फेटाळली. आपला दोष नेमका कोठें होता हें शोधूं जातां आम्हांस तो येथें सांपडला. यंत्रावर विश्वास ठेवणें ही चूक नव्हती. प्रत्यक्षाचा पुरावा पुढें आल्यावरही तो चालू ठेवणें, ही होती. आणि तो चालू ठेवण्याचें कारणही फारसें सात्त्विक नव्हतें. दुसऱ्याच्या सांगण्यावरून चालण्यांत एक सुख आहे: चुकलें तर बोट दाखवावयास जागा राहते.

ही गोष्ट भातावर निभावली म्हणून तिला हलकी समजूं नये. परतल्यावर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर २०२४ मध्यें, उत्तर प्रदेशांत रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खालीं कोसळून तिघांचे प्राण गेल्याची बातमी वाचली; पुराच्या वेळीं पुलाचा भाग वाहून गेला होता आणि नकाशावर तो तसाच राहिला होता. आपल्याकडे अकोले तालुक्यांत जानेवारी २०२१ मध्यें रात्रीच्या वेळीं अशीच एक मोटार धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलावर जाऊन एकाचा अंत झाला. या लोकांस दोष देण्याचा आम्हांस कांहीं अधिकार नाहीं. रात्र होती, आणि पुलाच्या तोंडाशीं अडसर घालणें ज्यांचें काम, त्यांचा दोष आमच्या किंवा त्यांच्या दोषाहून पुष्कळ मोठा होता. पण बातमी वाचतांना आम्हांस त्या बाईचें अंगण आठवलें, एवढें खरें.

यावर कोणी म्हणेल, यंत्र टाकून द्या आणि पूर्वींप्रमाणें माणसांस विचारीत जा. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यास बळकटीही आली. २०२४ सालीं करूळ घाट रुंदीकरणाच्या कामासाठीं वाहतुकीस बंद होता. यंत्र मात्र आम्हांस इमानानें करूळकडेच ओढीत होतें. चहाच्या टपरीवाल्यानें न विचारतांच सांगितलें, "करूळ बंद हाय, भुईबावड्यानं उतरा." त्याच्या ठिकाणीं वात्स्यायनाचीं दोन्ही लक्षणें होतीं. परंतु त्याच दिवशीं दुपारीं, तळकोंकणांत एका सद्गृहस्थांनीं मोठ्या आत्मविश्वासानें डावीकडे वळावयास सांगितलें. यंत्र उजवीकडे म्हणत होतें. कालच्या अनुभवानें पोळलेल्या आम्हीं माणसाचें ऐकलें आणि एका खाडीच्या कांठावर जाऊन थांबलों, जेथें पूल नव्हता, होडी नव्हती, फक्त एक बगळा होता. "मला ठाऊक नाहीं" असें वाटसरूस सांगणें आपल्याकडे जणूं असभ्यपणाचें मानतात. त्यापेक्षां कोणती तरी दिशा दाखविणें बरें! तेव्हां माणूस आप्त असतोच असें नाहीं.

आणि याहून मोठा आक्षेप आमच्या भाचीनें घेतला. ती स्वतः मोटारसायकल चालविते व एकटी प्रवास करते. आम्ही घरीं येऊन माणसांस विचारीत जाण्याचे गोडवे गाऊं लागतांच ती म्हणाली, "मामा, संध्याकाळीं अनोळखी नाक्यावर गाडी थांबवून चार पुरुषांना रस्ता विचारणं तुम्हांला सोपं आहे. मी विचारलं कीं मी एकटी आहें आणि मला वाट ठाऊक नाहीं, या दोन्ही गोष्टी मी त्यांना सांगितल्यासारखंच होतं." आम्ही गप्प बसलों. जुन्या काळच्या रम्य प्रवासाच्या आमच्या साऱ्या आठवणी एका पुरुषाच्या आठवणी आहेत, हें आम्हांस तोंवर सुचलें नव्हतें. ज्या यंत्रास आम्ही परावलंबन म्हणत होतों, तेंच तिचें स्वातंत्र्य होतें.

प्लेटोच्या "मेनो" नांवाच्या संवादांत सॉक्रेटीस लारिसा गांवच्या रस्त्याचा दाखला देतो. एकास तो रस्ता खरोखर ठाऊक आहे. दुसरा कधीं गेलेला नाहीं, पण त्याची समजूत बरोबर आहे. दोघेही लोकांस लारिसास नेऊन पोहोंचवितील. मग ज्ञानाचें अधिक मोल तें काय? सॉक्रेटीसाचें उत्तर असें कीं, बरोबर समजूत ही डीडेलसच्या पुतळ्यांसारखी आहे; बांधून ठेविली नाहीं तर पळून जाते. कारणांच्या दोरीनें बांधली म्हणजे तिचें ज्ञान होतें. आमच्या जांभळ्या रेघेस असली दोरी नव्हती. ती बरोबर असेल तोंवर बरोबर होती. चुकली तेव्हां आपण चुकलों आहों हें कळण्याचें कांहींच साधन तिच्यापाशीं नव्हतें. तें साधन गाडीवर होतें खरें, पण तें यंत्रांत नसून यंत्राच्या मागें बसलेलें होतें.

मात्र आम्हांस याहूनही जवळचा वाटतो तो छांदोग्यांतला दृष्टान्त. उद्दालक श्वेतकेतूस सांगतो कीं, गांधार देशांतल्या एका मनुष्यास डोळे बांधून निर्जन प्रदेशांत आणून सोडलें. तो चारी दिशांस तोंड करून ओरडूं लागला. कोणी त्याची पट्टी सोडली आणि म्हटलें, गांधार या दिशेस आहे, या दिशेस जा. मग तो गांवोगांव विचारीत, शहाणा व समजदार असल्यामुळें, गांधारास पोहोंचला. गुरूचें महत्त्व सांगण्यासाठीं हा दृष्टान्त आहे. पण आम्हांस त्यांतला एक बारकावा आतां दिसतो. पट्टी सोडणारा त्याच्या सोबत गेला नाहीं. त्यानें दिशा सांगितली व तो बाजूस झाला. पुढचें विचारणें, ताडून पाहणें, चुकणें व सुधारणें हें वाटसरूचें. म्हणूनच तो शहाणा होता असें मुद्दाम म्हटलें आहे. डोळ्यांची पट्टी सोडणारें साधन आणि डोळ्यांवर नवी पट्टी बांधणारें साधन हीं पुष्कळदां एकच असतात; भाची त्याच यंत्राकडून एक काम घेते, आणि आम्हीं त्या संध्याकाळीं दुसरें घेतलें.

आतां राहिलेली हकीकत. अशीं यंत्रें आपण प्रत्यक्ष कोठून गेलों त्याची खूण टिपून ठेवतात. तिला ट्रॅक म्हणतात. रूट निराळा: त्यांत केवळ मुक्कामाचीं ठिकाणें असतात, मधली वाट प्रत्येक यंत्र आपापल्या नकाशाप्रमाणें व आपापल्या धन्याच्या आवडीप्रमाणें नव्यानें काढतें. ट्रॅक म्हणजे मात्र पाऊलखुणाच. घेणारा अगदीं त्याच वाटेनें जातो. परतल्यावर भाच्याच्या चार मित्रांनीं, तेही मालवणास निघाले होते म्हणून, आमचा ट्रॅक मागितला. भाचा तो पाठविणार, तोंच आमच्या लक्षांत आलें कीं त्या रेघेंत तें अंगण आहे. गणपतीपासून चौथी गाडी आमची. पांचवी, सहावी, सातवी आतां आमच्या सांगण्यावरून येणार होती, आणि त्या बाईनें तोच प्रश्न विचारला असता तर मुलांनीं आमच्याकडे बोट दाखविलें असतें.

आम्हीं म्हटलें, एवढा तुकडा काढून टाक व तेथें मोठ्या रस्त्याची रेघ घाल. भाच्यानें हरकत घेतली. "मामा, ट्रॅक म्हणजे आपण गेलों तें. आपण ज्या रस्त्यानें गेलोंच नाहीं तो घातला, तर ती खोटी नोंद होईल. आणि तुम्हीच वात्स्यायन सांगतां, जसें जाणलें तसें सांगावें म्हणून!" आमचाच दाखला आमच्यावर उलटला होता. आम्ही बराच वेळ विचार करीत बसलों. खरी नोंद दिली तर घरास उपद्रव. दुरुस्त नोंद दिली तर आम्ही न पाहिलेल्या रस्त्याची साक्ष आमच्या नांवावर. मोठ्या रस्त्याचा तो पट्टा आम्हीं खरोखरच पाहिलेला नव्हता.

शेवटीं असें केलें. आमच्यापुरती मूळ नोंद जशीच्या तशी ठेविली. मुलांस दिलेल्या ट्रॅकमधून तेवढा तुकडा कापला, आणि त्या जागीं कांहींच घातलें नाहीं. रेघ मोठ्या रस्त्यावर तुटते व पुढें पुन्हां मोठ्या रस्त्यावर सुरू होते. सोबत भाच्यानें दोन ओळी लिहिल्या कीं, मधल्या भागांत आम्ही चुकून एका घराच्या अंगणांत शिरलों व त्यांचें नुकसान केलें. तेथें यंत्र काय म्हणेल तें न ऐकतां मोठ्या रस्त्यानेंच जावें, तो आम्हीं पाहिलेला नाहीं पण बस त्यावरून जाते. सन २००४ पासून चाललेला एक लोकांनीं मिळून काढलेला खुला नकाशा आहे, ओपनस्ट्रीटमॅप या नांवाचा. त्यांतही कोणासही दुरुस्ती सुचवितां येते. तेथेंही तो बोळ रस्ता म्हणून नोंदलेला निघाला, आणि भाच्यानें तो खासगी म्हणून दुरुस्त केला. आमच्या यंत्रांतला नकाशा मात्र निराळ्या कंपनीचा. तिच्याकडेही आम्हीं कळविलें आहे. या लेखाच्या वेळेपर्यंत पोंच आलेली आहे; नव्या नकाशांत ती रेघ अजून तशीच आहे.